न भिजवलेला हरीक

आये, तुला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनातही कधी धड बोलले नाही. रागच होता, दुसरं काय. आणि आता परवा दुपारपासून बोलायचं म्हणते तर तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून केसपेपरचे कोरे कागद घेऊन बसलेय. तुला अक्षर येत नव्हतं. तू असतीस तरी हे तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि यातली एक ओळही मी तिसऱ्या माणसाच्या तोंडी जाऊ दिली नसती. तेव्हा हे पोचणार नाही ते एका परीनं बरंच आहे. माझे हात अजून थरथरताहेत. वीस वर्षांच्या वर या लोणावळ्याच्या दवाखान्यात नर्सबाई म्हणून काढली, आडवी आलेली मुलं फिरवून काढली, कधी बोट हललं नाही. काल इंजेक्शन द्यायला गेले तर डॉक्टरांनी माझ्या हातातली सिरिंज काढून घेतली आणि म्हणाले, बाई, तुम्ही घरी जा, पडा जरा. घरी आले. पडतेय कसली!

झालं ते असं. लढाईचे दिवस आहेत. पिकलेला तांदूळ सरकारच्या लेव्हीत जातो, रेशनला मिळतं ते पुरत नाही, म्हणून आंदर मावळातली माणसं डोंगरउतारावर पुन्हा हरीक पेरायला लागली आहेत, तुझ्या वेळेला पेरायची तशी. परवा दुपारच्या गाडीनं आपल्या गावाच्या वरच्या ठाकरवाडीतली तिघं जणं आली. बैलगाडीत घालून कान्ह्यापर्यंत आणली होती, तिथून आगगाडीनं. एक तरणा गडी, त्याची बायको आणि बायकोचा भाऊ. तिघांनाही उभं राहवेना, हातापायाला कापरं, जीभ जड, घोट जेमतेम उतरतोय. डॉक्टर नवे आहेत, पुण्याकडचे. त्यांना आधी वाटलं दारू, मग वाटलं धोतरा. बरोबर त्या गड्याची म्हातारी आई होती, तिनं काही खाल्लं नव्हतं. तीच म्हणाली, हरीक खाल्लाय, न भिजवलेला. घरात दोन कणग्या. एकीत शेणकाल्यात भिजवून, विख उतरवून, वाळवून ठेवलेला आणि दुसरीत तसाच कच्चा. म्हातारी दोन दिवस लेकीकडे गेली होती, आणि नव्या सुनेनं भलत्याच कणगीत हात घातला. त्यात यंदा कापणीच्या वेळेला पाऊस लागलेला. तसला हरीक माणसाचं डोकं कसं फिरवतो, कधी जीवही घेतो, हे मावळात कुणाला सांगावं लागत नाही. डॉक्टरांना मात्र सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यांनी मिठाचं पाणी पाजून ओकवायला सांगितलं. मी भांडं घेऊन सुनेच्या कॉटपाशी गेले.

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. डोळे एवढाले झालेले. मी म्हटलं, बाई, तोंड उघड. तर ती हसली आणि अगदी हळू म्हणाली, "भिताड वाहतंय, बाय. बोटं चालल्याती त्याच्यातनं." आये, माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. दवाखान्याची भिंत चुन्याची, पांढरीफेक. तिच्यात बोटं कुठून येणार? ती तिच्या घरची भिंत बघत होती, शेणानं सारवलेली, सारवताना चार बोटांचे फराटे उमटतात ना, तसली. आणि ते शब्द माझे होते. हेच्या हेच. मी ते नऊ दिवस तुला सांगितले होते, रोज एकदा. भिंतीचं ते तुझ्याशिवाय आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही.

तुला काय सांगायचं, तू होतीसच तिथं. पण मला ते पुन्हा ओळीनं मांडून बघायचंय, कारण परवापासून त्यातलं काहीच जागेवर राहिलेलं नाही. मानमोडीचा ताप आला त्या साली आठ दिवसांत माझं घर रिकामं झालं. आधी नवरा, आणि चौथ्या दिवशी पोर. दीड वर्षाची, नुकती पाय टाकायला लागलेली. ती तापानं फणफणत होती आणि मी दोन दिवसांची जागी, बसल्या जागी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा ती गार होती. तू मला सासरहून घेऊन आलीस आणि तुझ्या स्वयंपाकघरात चुलीपाठच्या कोपऱ्यात मी जी बसले ती बसलेच. रडले नाही. बोलले नाही. तू घास तोंडाशी आणलास की माझे दात घट्ट. पातळ पेज कधी चमच्यानं आत गेली तर गेली. दिवाळी आली आणि गेली, मला पत्ता नाही. आळीतल्या बायका म्हणायच्या हिला रडवा, कुणी म्हणायची कानाखाली वाजवा. मामा देवऋषाला घेऊन आला, त्यानं लिंबू कापलं, अंगारा लावला आणि गेला. तू रोज सकाळी माझं मनगट धरून बघायचीस. ते तुझ्या दोन बोटांच्या कडीत मावायला लागलं होतं.

आणि त्याच दिवसांत तुझं ते सुरू झालं. एका दुपारी तू पाणी घेऊन आलीस आणि दारातच बसलीस, कळशी कलंडली, आणि त्या सांडलेल्या पाण्याकडे बघून तू हसायला लागलीस. पुढच्या आठवड्यात खळ्यावर पडलीस. बायकांनी उचलून आणलं. तिसऱ्या खेपेला सबंध दुपार भिंतीला टेकून बसलीस, तोंडातून लाळ गळतेय, हात कापताहेत. वरच्या वाडीतल्या त्या ठाकरीण मावशीशी तुझं गूळपीठ होतं, ती मोळी घेऊन यायची, तुम्ही दोघी तासन्‌तास बोलत बसायच्या. झालं, गावाला तेवढं पुरलं. हिला ठाकरणीनं मोहाच्या दारूची चटक लावली म्हणून गावभर झालं. मी कोपऱ्यातून बघत होते. माझं कशाकडे लक्ष नव्हतं असं सगळ्यांना वाटायचं, पण हे मी बघितलं आणि धरून ठेवलं. माझं लेकरू गेलंय आणि माझी आई दारू पिते.

पौषातल्या अष्टमीचा तो दिवस. ऊन उंबऱ्यावर आलेलं. तू माझ्यापुढे पितळी ठेवलीस, हरकाचा भात आणि ताक. रोज ठेवायचीस आणि रोज उचलून न्यायचीस. त्या दिवशी तू माझ्यासमोर मांडी घालून बसलीस, त्याच पितळीत हात घातलास आणि म्हणालीस, "माज्यासंगं चार घास खा. आजच्या दिस. परत न्हाई म्हननार." मी का खाल्लं मला माहीत नाही. तुझा आवाज फाटला होता, तो मला ऐकवला नाही, एवढंच आठवतं.

मग बराच वेळ काही नाही. मग भिंत वाहायला लागली. तूच सारवलेली भिंत, तुझ्याच बोटांचे अर्धगोल फराटे; ते एकेक करून सुटले आणि पाटाच्या पाण्यासारखे सरकायला लागले. मला भीती वाटली नाही. त्यातून एक लहानसा हात आला, करंगळी जरा वाकडी असलेला. मग ती आली आणि माझ्या मांडीवर आडवी झाली. तोंड नीट दिसलं नाही, पण वजन! वजन खरं होतं, आये. पायाला मुंग्या आल्या इतकं खरं. ती म्हणाली, भूक. मी पितळीतला भात कालवला, एक घास तिच्या तोंडात घातला आणि एक माझ्या. ती तशीच जेवायची, एक तिला आणि एक मला. एकटीला घास जायचा नाही तिला. मी तिचे केस कुरवाळले. तिला सांगितलं की माझा डोळा लागला गं, मी जागी असते तर तुला जाऊ दिलं नसतं. ती म्हणाली, "असू दे." दीड वर्षाची पोर, तिला कुठलं असलं बोलता येतंय, पण ती म्हणाली. आणि मी रडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा. ऊन उंबऱ्यावरून अंगणात गेलं, अंगणातून गोठ्यावर गेलं, मी रडतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला बखोटीला धरून उठवलंस आणि उखळापाशी नेलंस. हातात मुसळ दिलंस. म्हणालीस, सांग, पहिल्यापासनं सांग. मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असं नऊ दिवस. कधी कांडण, कधी निवडण, एकदा तीच भिंत सारवायला लावलीस. सांगताना माझे हात थांबले की तू म्हणायचीस, हात हलव. सांगून झालं की जेवायचं आणि उरलेल्या दिवसाचं काम करायचं, मग त्याबद्दल अवाक्षर नाही. पहिल्या दिवशी मला मुसळ उचलत नव्हतं. नवव्या दिवशी सांगता सांगता सगळं भात कांडून झालं आणि मी आपण होऊन विचारलं, आता काय करू? मामाला तोवर वास लागला होता. तो म्हणाला, पोरीला देवीनं दर्शन दिलंय, पाट मांडू, दर मंगळवारी माणसं येतील. तू त्याला अंगणातनंच वाटेला लावलंस. तिला दिसलं ते तिचं आहे, गावाचं नाही, एवढंच बोललीस. खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. मला बसायचं होतं त्या पाटावर. तू मला माझ्या देवीपासून तोडून उखळाला बांधतेस असं वाटलं. आज वाटतं, बसले असते तर दर मंगळवारी मला ती पोर आणून दाखवावी लागली असती, आणि चार मंगळवारांत मी थापा मारायला लागले असते.

मग मी बरी झाले. बरी झाल्यावर तोंड सुटलं आणि पहिलं सुटलं ते तुझ्यावर. शिमग्याच्या आधीचे दिवस. ओसरीवर मामा, मामी आणि शेजारची दोन माणसं, माझं पुढं काय करायचं ते बोलायला बसलेली. तू नाचणी पाखडत होतीस. तू म्हणालीस, ऱ्हाऊ द्या तिला हितंच, मी हाय तिला संबाळायला. आणि मी उभी राहिले. काय बोलले ते तसंच्या तसं लिहिते, कारण ते मी इतकी वर्षं मोठ्या अभिमानानं आठवत आले आहे. "तू मला संबाळनार? माजं लेकरू मेलं आन्‌ तू दारू पिऊन खळ्यावर लोळत व्हतीस. मला देवीनं उटवलं. तू न्हाई." तुझं सूप थांबलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. म्हणालीस, "व्हय. चुकलं माजं." आणि पुन्हा पाखडायला लागलीस.

तू व्हय म्हणालीस, आये! मी त्या 'व्हय'वर सगळा जन्म काढला. तिनं स्वतःच कबूल केलं, अजून काय पाहिजे, असं मी स्वतःला शंभरदा सांगितलं. महिनाभरात लोणावळ्याला आले, एका मडमेच्या बंगल्यावर कामाला लागले. तिनं अक्षर शिकवलं, नर्सिंगला धाडलं. वर्षातून एकदा गौरीला गावी यायचे, तेही तुझ्या हातचं न जेवता परत. आणि तू एकदा आली होतीस इथं. कामशेतपर्यंत पायी, तिथून गाडीनं, पाठीवर घोंगडीत बांधलेली नाचणी आणि एक नवं लुगडं, हिरवं नव्हे, मला विधवेला चालेल असं करडं, बारीक काठाचं. मी तुला दवाखान्याच्या दारातच उभी केली. आत घेण्याआधी वाकून तुझ्या तोंडाचा वास घेतला. हो, घेतला. पाया पडल्यासारखं केलं आणि उठताना घेतला. तुला कळलं होतं ना? कारण तू तोंड जरासं उघडलंस. मला सोपं जावं म्हणून. त्या वेळेला मला वाटलं, दमून धापा टाकतेय.

तू गेलीस तेव्हा निरोप पोचून मी यायला तिसरा दिवस उजाडला. रडले नाही. चारच्या गाडीनं माघारी आले, कारण दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती. म्हणजे ड्यूटी बदलून मिळाली असती. मी मागितली नाही.

आणि इथं मी काय करत होते ऐक. दवाखान्यात एखादीचं मूल गेलं की डॉक्टर दोन शब्द बोलून निघून जातात. मग मी बसते तिच्यापाशी. तिच्या हातात बँडेजचा गुंता देते आणि म्हणते गुंडाळ, आणि सांग, पहिल्यापासून सांग. दुसऱ्या दिवशी कपडे पिळायला देते, पुन्हा सांग म्हणते. बायका उठतात यातून, मी बघितलंय. मागच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं होतं, बाई, हे कुठं शिकलात? मी म्हटलं, माझं मलाच सुचलं. तुझं नाव नाही घेतलं. आणि ज्या फारच खचलेल्या असतात त्यांच्या कानात सांगते, लेकरू एकदा येऊन जातं गं, मला आलं होतं, देवी आणते. किती जणींना सांगितलं असेल! परवा ते भांडं उचलताना माझ्या मनात पहिलं हेच आलं. मी या सगळ्या बायांना फसवलं. ते लेकरू नव्हतं, ती देवी नव्हती, तो कच्चा हरीक होता. दर पौष अष्टमीला मी एक वेळ जेवते आणि एक घास तिच्यासाठी काढून ठेवते. तो घास मी कुणासाठी काढत होते?

तरी तोवर मला वाटत होतं की तुझ्या हातून चूक झाली असेल. परवा संध्याकाळी तिघांनाही उतार पडला. मी व्हरांड्यात गेले, म्हातारी खांबाला टेकून बसली होती. तिनं माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. म्हणाली, तू खालच्या आळीतल्या माज्या मैतरणीची लेक न्हव? तेव्हा मी ओळखलं. तीच ती, तुझी ठाकरीण मावशी. दात गेलेत, डोळे तेच. मी तिच्याजवळ बसले आणि नर्सबाईच्या थाटात विचारलं, मावशी, माझी आई जन्मभर हरीक भिजवत आली, मग त्या दिवशी चुकली कशी? मावशी म्हणाली, "चुकली? तुला ठाव न्हाई व्हय अजून?"

मग तिनं सांगितलं. आणि आये, ती इतक्या साधेपणानं सांगत होती, जणू कुणी बी कधी पेरलं ते सांगतंय. वाडीत पूर्वी म्हाताऱ्या बाया असं करायच्या म्हणे, दुःखानं दगड झालेल्या माणसाला तसला हरीक द्यायच्या. शहाणं कुणीतरी दाराशी बसायचं, आणि मग नऊ दिवस त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, देव्हाऱ्यातही बसवायचं नाही. हाताला काम द्यायचं आणि एकानंच ऐकायचं. ज्यांना असं मुरवून घेतलं नाही ती माणसं पुढं भ्रमिष्ट झाली, आणि काही तर त्याच दिवशी मेली. म्हणून वाडीनंच ते बंद केलं होतं. मावशीनं तुला नको म्हणून सांगितलं. तू म्हणालीस, पोर तशीबी मरतीया. आणि मग तू आधी स्वतः खाल्लास. तीनदा. किती खाल्लं तर माणूस वाचतं ते बघायला. कळशी कलंडली तो पहिला दिवस, खळं तो दुसरा.

मावशी बोलतच होती. त्या अष्टमीला ती दाराशी बसली होती, घरात शुद्धीवर असलेली ती एकटी. तू माझ्याइतकाच खाल्लास, मला त्यात एकटीला सोडायचं नव्हतं म्हणून. आणि तुला तो आधीच्या तीन खेपांपेक्षा जास्त चढला, तीन महिने तूही धड जेवली नव्हतीस. "तू पडलीस तिच्या मांडीवर" नव्हे, मी उलटं लिहितेय बघ. ती म्हणाली, "ती पडली तुज्या मांडीवर. तिला उटवंना. तू तिला लेकरू म्हनून थोपटलीस. भूक म्हनली ती. तू भरवलंस तिला." मी विचारलं, आणि मावशी, 'असू दे' असं कोण म्हणालं? ती म्हणाली, "आनी कोन म्हननार, बाय?"

मी विचारलं, मग सांगितलं का नाही तिनं? मी तिला चार माणसांत दारुडी म्हटलं. ती व्हय म्हणाली, मावशी. मावशी म्हणाली, "मी बोलले तिला, खरं सांग पोरीला. ती म्हनली, तिला कळलं तर तिचं लेकरू परत मरंल. मला म्हनू दे काय म्हनायचं ते."

आये, मी तिथंच फरशीवर बसून राहिले, वॉर्डमधून कुणीतरी हाक मारत होतं, मला उठता येईना. आणि खरं सांगते, आधी रडू आलं नाही, आधी तुझा संतापच आला. हे काय केलंस तू? मी मेले असते तर? तू मेली असतीस तर? माझ्या पेशंटला कुणी असं केलं तर मी त्याला पोलिसात देईन. आणि मला न विचारता! आणि वर मला इतकी वर्षं तुझा तिरस्कार करू दिलास, तोंड उघडून वास घेऊ दिलास. असं कुणी करतं? मग एक वेगळीच गोष्ट सुचली. मी नऊ दिवस तुला सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी तर तुझेच पाय लटपटत होते, असं मावशी म्हणाली, उखळ धरून उभी होतीस. तुला काय दिसलं होतं? चारदा खाल्लास तू. तुझी भिंत वाहिली का? तुला कोण येऊन भेटलं? तू कुणाला सांगितलंस, कुणी तुझ्या हातात मुसळ दिलं? मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, कधी बोलली नाही. तू माझं सगळं ऐकून घेतलंस आणि तुझं तसंच गिळून राहिलीस. मला एकदा विचारायला काय झालं होतं?

काल दवाखान्यातून घरी आल्यापासून मी वाट बघत होते. आता मला कळलंय, आता माझी पोर परत मरणार, तू म्हणालीस तशी. मांडीवर हात ठेवून बसून राहिले, कधी ते वजन जातं ते बघत. गेलं नाही. ती माझ्यापाशी आहे तशीच आहे, आणि तूही त्या वजनात आहेस, आणि कुठलं कुणाचं ते मला वेगळं काढता येत नाही. दुपारी उठले, चहाची कपबशी विसळायला घेतली, आणि विसळता विसळता माझी आई मेली. काल, आये. सतरा वर्षांनी. एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण धावत आली, काय झालं बाई, काय झालं. मी म्हटलं, माझी आई गेली. ती बिचारी विचारते, कधी? मी म्हटलं, आत्ताच. मग ती पिठलं-भाकरी करून घेऊन आली, मयताच्या घरी आणतात तशी, आणि समोर बसून चार घास खा म्हणाली. मी खाल्ले.

मावशी आज सकाळच्या गाडीनं तिघांना घेऊन गेली. कान्ह्याला बैलगाडी यायला सांगितलीय. जाताना त्या बायांबद्दल विचारलं मी तिला, ज्यांना मी लेकरू येतं म्हणून सांगितलं त्यांच्याबद्दल. ती म्हणाली, त्या उठल्या ना? मग झालं. मला ते पुरत नाही. पण आता त्यांना काय सांगायचं हे मला कळत नाही, आणि उद्या ड्यूटी आहे.

एक राहिलं. डॉक्टरांना दाखवायला म्हणून म्हातारीनं त्या कणगीतला हरीक फडक्यात बांधून आणला होता. डॉक्टरांनी तो पुरायला सांगितला आणि मी माळ्याकडून खड्डा करून घेऊन पुरला, तसं वहीत लिहिलंही. सगळा नाही पुरला. मूठभर इथं डब्यात आहे. खाणार नाही. खायचा तर दाराशी बसायला कुणीतरी शहाणं लागतं, आणि ऐकायला दुसरं कुणी, आणि मला दोन्ही नाहीत. भिजवून, कांडून, तू करायचीस तसा साधा भात करीन असं ठरवलंय. मघाशी गवळ्याच्या गोठ्यातून शेणही आणून ठेवलंय. अजून भिजवला मात्र नाही.